शेवटच्या नावेच्या गतीने

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मासाची सांगता होते आणि पुण्याच्या व्यापारी पेठांतील लगबग काहीशी ओसरते. याच सुमारास मावळात थंडी उतरू लागते. पावसाळ्यात भरलेल्या पवना धरणाचे पाणी आता निवळलेले असते आणि तिकोना, तुंग, लोहगड हे किल्ले स्वच्छ हवेत स्पष्ट दिसतात. किराणा, कापड, भांडी अशा निरनिराळ्या व्यवसायांतील सात मित्रांचा एक गट या दिवसांत महिन्यातून एकदा पहाटे कामशेतमार्गे पवनानगरकडे निघतो. सातही जण पन्नाशीच्या आसपासचे. हेतू एकच, कयाक चालविणे.

कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची अरुंद व हलकी नाव. ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट आदी लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर कातडे ताणून ते ती तयार करीत. आज आपल्याकडील जलाशयांवर मिळणाऱ्या कयाक बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. बसण्याची जागा उघडी असते आणि वर आलेले पाणी छिद्रांवाटे आपोआप निघून जाते. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे हे तिचे वैशिष्ट्य. नवशिक्या मनुष्य केवळ दंडांच्या बळावर वल्हे ओढतो आणि लवकर थकतो. सरावलेला मनुष्य कंबरेपासून धड वळवितो, त्यामुळे पाठीचे व पोटाचे मोठे स्नायू श्रम वाटून घेतात. दिवसभर गादीवर बसणाऱ्यास हा व्यायाम मानवण्यासारखा आहे.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरून काठावर चिखल उघडा पडतो आणि ऊन असह्य होते. पावसाळ्यात वाऱ्यापावसाचा भरवसा नसतो. म्हणून हिवाळा हाच या छंदाचा खरा हंगाम. तथापि हिवाळ्याचे कोवळे ऊन फसवेही असते. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. मावळातील पाणी बर्फासारखे नसले, तरी भिजलेले सुती कपडे आणि त्यावर वारा, एवढ्याने धडधाकट माणसाला हुडहुडी भरते. यासाठी कपडे निवडताना हवेइतकाच पाण्याचा विचार करावा लागतो. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे, वर वारा अडविणारे जाकीट आणि जलरोधक पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, एवढी तयारी प्रत्येकाजवळ हवी.

या गटाला ही जाणीव अनुभवातून आली. पहिल्या वर्षी गटातील एक कापड व्यापारी, जे पट्टीचे पोहणारे आहेत, तरंगण्याचे जाकीट अंगात घालण्यास तयार नव्हते. नाव देणाऱ्या गावातील तरुणाने नम्रपणे पण ठामपणे सांगितले, "शेठ, पट्टा लावल्याशिवाय नाव सुटणार नाही." शेठ रागावले. मात्र उरलेल्या सहा मित्रांनी त्या तरुणाची बाजू घेतली आणि आपल्याही नावा काठावरच ठेवल्या. अखेर पट्टा लागला आणि मगच सारे पाण्यात उतरले.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीतील एका दुपारी, परतताना वारा वाढला. आखूड लाटा उठू लागल्या आणि याच गृहस्थांची नाव आडवी सापडून उलटली. गार पाण्यात अचानक पडलेला मनुष्य नकळत मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पोहण्याचे कौशल्य उपयोगी पडतेच असे नाही. जाकिटामुळे त्यांचे डोके वर राहिले. एका मित्राने उलटलेली नाव सरळ करून दुसऱ्या बाजूने घट्ट धरली. शेठनी पाय मारीत छाती नावेवर टेकविली आणि मग पाय आत घेतले. हंगामाच्या आरंभी सर्वांनी काठाजवळच्या उथळ पाण्यात याचा सराव केलेला होता, तो कामी आला.

खरी कसोटी त्यानंतर लागली. शेठचे हात थरथरत होते आणि मोटारी पलीकडच्या काठावर होत्या. वाऱ्याविरुद्ध तेथवर जाण्याचा हट्ट न धरता गटाने सर्वांत जवळचा काठ गाठला. ओले कपडे बदलले, थर्मासमधील गरम उकाळा दिला आणि नाव देणाऱ्यांना फोन करून वाहन मागविले. या सर्वांत सायंकाळ झाली. चौविहार पाळणाऱ्या तिघांना त्या रात्री उपाशीच झोपावे लागले. त्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही.

तेव्हापासून गटाचे नियम पक्के झाले. तिघांपेक्षा कमी जण असतील तर पाण्यात उतरायचे नाही. धुके असेल तर पलीकडचा काठ दिसेपर्यंत थांबायचे. दुपारचा वारा सुटण्यापूर्वी पाण्याबाहेर यायचे. सर्वांत सावकाश नाव चालविणारा पुढे आणि सर्वांत सरावलेला शेवटी राहील, म्हणजे कोणी मागे पडणार नाही. प्रत्येकाच्या जाकिटाला शिट्टी हवी आणि परतण्याची वेळ घरी सांगितलेली हवी. पाणकावळे व बगळे बसलेले असतील तेथून लांबूनच जायचे, हा नियमही सर्वांनी आनंदाने मान्य केला.

पेठेत यांपैकी दोघे एकमेकांचे स्पर्धक आहेत. पाण्यावर मात्र त्यांच्या नावा शेजारी शेजारी असतात, कारण नाव उलटली तर ती धरायला पहिला हात शेजाऱ्याचाच असतो.

ज्या कुटुंबांना हा आनंद घ्यावयाचा असेल, त्यांनी परवानगी असलेल्या व जाकीट देणाऱ्या केंद्रातूनच नाव घ्यावी, जाकीट मापाचे आहे हे पाहावे आणि पहिल्या दिवशी काठाजवळच राहावे. पोहता येणाऱ्यांनीही पट्टा सोडू नये.

हा गट प्रत्येक सहलीची नोंद एका लाल वहीत ठेवतो. एका डिसेंबरची नोंद अगदी त्रोटक आहे. सकाळपासून वारा होता, नाव उतरविली नाही, काठावर खाकरे व चहा घेऊन सातही जण दुपारी घरी परतले. ती नोंद शेठच्या अक्षरात आहे.