मांडूळ व वाळा : जमिनीखालील शेतीमित्र

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील भुसभुशीत जमिनीत नांगरताना मांडूळ व वाळा हे दोन बिनविषारी सर्प दृष्टीस पडतात. पाय नसता ते जमिनीत शिरतात, ते अंगाच्या ठेवणीमुळेच. मांडुळाचे मुस्कट पाचरीसारखे असून मान निराळी नसते. म्हणून डोक्याने केलेल्या वाटेने सर्व अंग आत सरकते. शेपटी बोथट असल्याने लोक त्यास दुतोंड्या म्हणतात. वस्तुतः तोंड एकच असते. गांडुळासारख्या वाळ्याचे खवले गुळगुळीत असतात व डोळे खवल्यांखाली झाकलेले असल्याने त्यांत माती जात नाही. शेपटीच्या टोकाचा बारीक काटा टेकून तो अंग पुढे रेटतो.

मांडूळ उंदरांस विळख्याने आवळून खातो. वाळा मुंग्यांची व वाळवीची अंडी, अळ्या खातो. तथापि गुप्तधनाच्या खुळ्या समजुतीने मांडूळ पकडून विकले जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हा गुन्हा होय. ग्रामसेवकांनी हे गावोगाव समजावून द्यावे. शेतकरी बंधूंनी औत थांबवून अशा सर्पास वाट द्यावी. मात्र घोणशीसारखे विषारी सर्पही शेतात असतात, म्हणून कोणत्याही सर्पास हात लावू नये.