सारखे दिसणारे प्रवाळ : पारख आणि जागा

कच्च्या रंगाचे थान पांढऱ्या लठ्ठ्याला लागून ठेवले तर फार तर एक थान बिघडते. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत दोन प्रवाळ चुकीच्या शेजाराने ठेवले तर एक दुसऱ्याला जाळून मारतो. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो जीव आहे आणि त्याच्या बोटांना डंख असतो. शिरड शहापूरहून समुद्र लांब, पण आपली मुले रोजगारासाठी आखातात जातात आणि तिथे या मालाचा कारोबार चालतो, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

बाजारात हॅमर, फ्रॉगस्पॉन आणि टॉर्च या तीन जातींची गफलत फार होते. पारख बोटांच्या टोकावरून करावी. हॅमरचे टोक हातोडीसारखे आडवे. फ्रॉगस्पॉनच्या बोटाला फाटे फुटतात आणि त्यावर बेडकाच्या अंड्यांसारखे गोळे असतात. टॉर्चचे बोट लांब, सरळ, टोकाला एकच गोळा. बोटे आत ओढलेली असताना सौदा करू नये, कारण हॅमर आणि फ्रॉगस्पॉनचे काही सांगाडे अगदी सारखे असतात. गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा यांत तर थेट मोजणीच करावी : पहिल्याच्या प्रत्येक फुलाला 24 बोटे, दुसऱ्याच्या 12. आपण कापडाचे तार मोजतो तसेच हे.

जागेचे म्हणाल तर हॅमर आणि फ्रॉगस्पॉन सहसा शेजारी नांदतात. टॉर्चचा डंख जहाल, त्याला वेगळे ठेवावे. दिवसा अंतर पुरेसे वाटते, पण रात्री काही प्रवाळ लांब बोटे सोडतात. म्हणून चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी हवी. या तिघांना उजेड मध्यम आणि प्रवाहही मध्यम लागतो. पंपाची धार सरळ अंगावर आली तर मांस सांगाड्याच्या धारेवर घासून फाटते.

मात्र हा धंदा आपल्या देशात करू नये. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा किमान तीन वर्षे कैद. मेलेला तुकडाही विकता येत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 साली हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या 18 वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केले. आखातातून येताना कुणी हौसेने तुकडा पेटीत टाकत असेल, तर त्याला आधीच सांगून ठेवावे.

दुकानात शोभेची पेटी हवीच असेल तर रेझिनचे बनावट प्रवाळ मिळतात. अंगठीतल्या लाल मरजानची गोष्ट वेगळी, तो मुख्यतः भूमध्य समुद्रातला. त्याविषयी पुन्हा कधीतरी.