जुन्या मोटारीचा सुटा प्लग

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारखी जुनी, वेगवान टर्बो मोटार घेणाऱ्या डहाणू-तलासरीकडील हौशी मंडळींनी आधी बॉनेटखाली पाहावे. तेथे सुटा दिसणारा प्रत्येक प्लग दोषाचा नसतो. एकच वायरिंग अनेक प्रकारांत वापरल्याने काही प्लग कारखान्यातूनच रिकामे येतात. वायरींचे रंग व पिनांची संख्या वायरिंगच्या आराखड्याशी खतावणीप्रमाणे ताडून पाहावी. जोड जुळत नसेल, तर प्लग बळेच बसवू नये. डहाणूच्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, तोही तपासावा. पिवळा प्लग बहुधा एअरबॅगचा असतो. त्याला जाणकारानेच हात लावावा. चाकाच्या सेन्सरचा प्लग सुटल्यास एबीएस बंद पडते. मग पावसात तलासरीच्या महामार्गावर अचानक ब्रेक लावणे जिवावर बेतू शकते.