नोटरी झाली, नोंदणी राहिली
(धंद्याची कायदेशीर चौकट : लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण एकट्या मालकाचा धंदा पाहिला. तिथे मालक आणि धंदा कायद्याच्या नजरेत एकच असतात. शॉप ॲक्ट, उद्यम आणि गरज पडली तर जीएसटी एवढ्यावर भागतं. धंद्यात दुसरा माणूस आला की सगळं बदलतं, आणि नेमकी तिथेच आपल्याकडे सर्वांत जास्त ढिलाई होते. दुसरा माणूस बहुतेक वेळा घरचाच असतो. भाऊ, साडू, मेव्हणा, शाळेपासूनचा मित्र. त्याच्याशी काय लिहापढी करायची, असं वाटतं.

समजा, पडेगावात दोन मावसभावांनी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं. थोरल्यानं जागा दिली आणि चार लाख रुपये घातले. धाकट्याकडे पन्नास हजारच होते, पण वाळूजच्या कारखान्यात दहा वर्षं वेल्डिंग केल्यामुळे कामाची सगळी जाण त्याची. दोघांनी बॉन्ड पेपर आणला, टायपिस्टकडे तयार असलेल्या नमुन्यात नावं घालून भागीदारीपत्र करून घेतलं आणि नोटरीचा शिक्का मारून आणला. त्या कागदावर फर्मचं पॅन निघालं, बँकेत करंट खातं उघडलं, जीएसटी नंबर आला, उद्यमचं प्रमाणपत्रही मिळालं. एवढे कागद फाइलला लागल्यावर फर्म रजिस्टर झाली, अशी दोघांची खात्रीच पटली.

ती झालेली नसते. पॅन आयकर खात्याचं, जीएसटी क्रमांक कराचा. उद्यम हा सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योगाचा दर्जा आहे. तो मोफत मिळतो, आणि त्याच्या जोरावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळण्याचा आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याजाचा हक्क येतो, म्हणून तो जरूर काढावा. पण यांतला एकही कागद म्हणजे फर्मची नोंदणी नव्हे. ती नोंदणी १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याखाली भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे होते. लोक त्याला रजिस्ट्रार ऑफ फर्म्स म्हणतात. नोटरी फक्त सह्या कोणी केल्या याची साक्ष देतो.

नोंदणी केली नाही म्हणून धंदा बेकायदा ठरत नाही, आणि म्हणूनच हा घोळ वर्षानुवर्षं उघडा पडत नाही. माल जातो, बिलं निघतात, कर भरला जातो. मग एके दिवशी वाळूजचा एखादा खरेदीदार साडेतीन लाखांचं बिल अडवून बसतो. भाऊ वकिलाकडे जातात. वकील पहिला प्रश्न विचारतो, फर्मच्या नोंदणीचा उतारा कुठाय?

कायद्याचं कलम ६९ इथे आडवं येतं. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा लावता येत नाही. उलट दिशेला मात्र अशी काही आडकाठी नाही. लोखंडाचा व्यापारी त्याच्या उधारीसाठी या फर्मवर खुशाल दावा लावू शकतो. दावा दाखल करण्याच्या दिवशी फर्म नोंदलेली हवी आणि दावा लावणाऱ्या भागीदारांची नावं निबंधकाच्या दप्तरात हवीत. नंतर नोंदणी करून आधीचा दावा जिवंत करता येत नाही, तो नव्यानं लावावा लागतो. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी मुदत तीन वर्षांची. दोन वर्षं गोड बोलण्यात, एक वर्ष नोटिशींत गेलं, की नोंदणी करूनही हात रिकामेच राहतात.

भावाभावांतली गोष्ट याहून अवघड आहे, कारण नोंदणी नसेल तर एका भागीदाराला दुसऱ्याविरुद्धही करारातला हक्क कोर्टातून मागता येत नाही. आपल्या राज्यानं तर १९८४ च्या दुरुस्तीनं हे आणखी कडक केलं होतं. फर्म मोडण्याचा किंवा मोडलेल्या फर्मच्या हिशेबाचा दावासुद्धा नोंदणीशिवाय लावायचा नाही, असं महाराष्ट्रात ठरलं. हेतू असा, की लोकांनी नोंदणी करावी. परिणाम असा, की ज्याच्या ताब्यात गल्ला आणि चाव्या, त्याचंच राज्य. मुंबईतल्या एका भागीदारीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये न्यायालयानं ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. माणसाला त्याच्याच मालमत्तेतला वाटा मागण्याचा रस्ता बंद करता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. मला तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो, पण त्यानं सगळा प्रश्न सुटलेला नाही. आज नोंदणी नसलेला भागीदार कोर्टाकडून फर्म मोडून घेऊ शकतो आणि हिशेब मागू शकतो. धंदा चालू ठेवून थकलेला नफा मात्र वसूल करू शकत नाही. म्हणजे न्याय हवा असेल तर चालतं वर्कशॉप बंद करायचं. धाकट्यासारख्या माणसाला हे कसं परवडेल?

त्याच्यावर आणखी एक संकट येऊ शकतं, तेही भागीदारीपत्रात काय लिहिलं नाही यामुळे. पत्र जिथे गप्प असतं तिथे कायदा बोलतो, आणि कायदा म्हणतो की नफा-तोटा सारखा वाटायचा. चार लाख घालणाऱ्यालाही निम्मा, पन्नास हजार घालणाऱ्यालाही निम्मा. थोरल्याला हे टोचणार. त्याच कायद्यात असंही आहे की भागीदाराला कामाचा मोबदला मिळत नाही, पत्रात तसं ठरलेलं असल्याशिवाय. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत वेल्डिंगचा धूर खाणाऱ्या धाकट्याला पगार मागण्याचा हक्कच उरत नाही. टायपिस्टच्या नमुन्यात या दोन्ही गोष्टी मोघम असतात. म्हणून नमुना बाजूला ठेवावा आणि दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं. वाटा किती, पगार किती, चेकवर सही एकाची की दोघांची, जागा फर्मची की थोरल्याची आणि थोरल्याची असेल तर भाडं किती. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात वीस हजारांहून जास्त पगार, व्याज किंवा कमिशन दिलं तर फर्मला दहा टक्के टीडीएस कापावा लागतो, हेही सीएला विचारून घ्यावं.

मृत्यूचं कलम लिहायला कोणी धजत नाही. अपशकुन वाटतो. पण वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदार वारला की फर्म संपते, आणि भागीदार दोघंच असतील तर पत्रात ‘फर्म चालू राहील’ असं लिहूनही एकट्या उरलेल्याची फर्म राहू शकत नाही. फर्मला किमान दोघं लागतात. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे धंदा टिकावा असं वाटत असेल तर सुरुवातीपासून तिसरा भागीदार घ्यावा. दोघांपैकी कुणाची बायको हिशेब पाहत असेल, तर ती नुसती हिशेब पाहणारी का राहावी? कष्ट तिचेही आहेत, तिचं नाव पत्रात असावं.

बाहेर पडतानाही कागद लागतो. नोंदलेल्या फर्ममधून निवृत्त होणाऱ्यानं निबंधकाला कळवायचं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची. ती दिली नाही तर फर्मनं नंतर केलेल्या उधारीसाठीही लोक त्याच्या दारात येऊ शकतात. पत्ता बदलला तरी कागद लागतो. २०२५ मध्ये पडेगाव-मिटमिटा रस्त्यालगतची बांधकामं महापालिकेनं रुंदीकरणासाठी पाडली. अशा वेळी माणूस शटर आणि यंत्रं वाचवायला धावतो, कागद त्याच्या मनातही येत नाहीत, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण नवी जागा मिळाल्यावर पंधरा दिवसांत जीएसटीत पत्ता बदलायचा, निबंधकाला, बँकेला आणि उद्यमवर कळवायचं. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीसही बजावलेली धरली जाऊ शकते.

आता राहिली जोखीम. भागीदारीत प्रत्येकजण फर्मच्या पूर्ण कर्जाला जबाबदार. एकानं फर्मच्या नावानं घेतलेली उधारी दुसऱ्याच्या घरादारापर्यंत पोहोचते. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा त्यावरचा उपाय. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तो जन्मला. बुडालेल्या वित्तसंस्थांच्या खटल्यांत वकिली फर्ममधले ज्यांचा त्या कामाशी संबंध नव्हता असे भागीदारही ओढले जाऊ लागले होते. आपल्याकडे कायदा २००८ चा. एलएलपी नोंदल्याशिवाय जन्मालाच येत नाही, त्यामुळे कलम ६९ चा प्रश्नच उरत नाही. पण धंदा शून्य झाला तरी दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ भरावाच लागतो, उशिराचं शुल्क वाढत जातं. छोट्या धंद्याला उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याची जी सोय आहे, ती साध्या फर्मला मिळते, एलएलपीला मिळत नाही. शिवाय बँक कर्ज देताना भागीदारांची वैयक्तिक हमी घेतेच. ती सही केली की त्या कर्जापुरतं मर्यादित दायित्व कागदावरच राहतं.

माझं मत असं, की दोन-तीन घरच्या माणसांचं वर्कशॉप असेल, कर्ज थोडं असेल आणि माल ओळखीच्या गिऱ्हाइकांना जात असेल, तर नीट लिहिलेलं पत्र आणि निबंधकाकडे नोंदलेली साधी फर्म पुरेशी आहे. कामात अपघाताचा धोका असेल, शेडचे मोठे सांगाडे उभारायचे असतील, किंवा भागीदार फारसा ओळखीचा नसेल, तर वर्षाचा खर्च सोसून एलएलपी करावी. आज फर्म करून उद्या तिची एलएलपी करता येते, मात्र रूपांतराच्या वेळी भागीदार तेच हवेत.

ज्यांची फर्म आधीच चालू आहे आणि नोंदणी राहिली आहे, त्यांनी वाद होण्याची वाट पाहू नये. अर्ज ऑनलाइन होतो. सगळ्या भागीदारांच्या सह्या, भागीदारीपत्राची प्रमाणित प्रत, जागेचा पुरावा आणि ओळखपत्रं लागतात. पत्र ढोबळ असेल तर आधी ते दुरुस्त करून नव्यानं लिहून घ्यावं, मग अर्ज करावा. सह्या घ्यायला सगळे एकत्र बसतील तेव्हाच वाटा आणि पगार यांचंही बोलून घ्यावं.

पुढच्या भागात एक व्यक्ती कंपनी आणि प्रायव्हेट लिमिटेड.