हातोडीचा वेग आणि कॉर्डमधला ठळक स्वर

पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तिच्या या प्रवासाच्या शेवटी हातोडी सुटते आणि उरलेले थोडेसे अंतर स्वतःच्याच वेगाने कापून तारेवर आदळते. त्यानंतर पट्टी कितीही दाबली तरी स्वर वाढत नाही. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने बसवलेले हे तत्त्व आजही कायम आहे. वादकाच्या हाती मुख्यतः एकच गोष्ट असते, हातोडीचा वेग.

वेग वाढला की हातोडीवरचा नमदा दाबला जाऊन कडक होतो आणि तारेतले वरचे उपस्वर अधिक उमटतात. म्हणून जोरात वाजलेला स्वर मोठा असतो, तसाच उजळही. हार्मोनियमचा भाता दाबलेल्या सगळ्या सुरांना एकदमच फुगवतो. पियानोवर प्रत्येक बोटाचा वेग वेगळा ठेवता येतो. कॉर्डमधला एक स्वर पुढे आणून बाकीचे मागे ठेवणे, म्हणजे व्हॉइसिंग, त्यामुळेच शक्य होते.

शोपँचे ई मायनर प्रील्यूड (ओपस २८, क्रमांक ४) नवशिक्यांनाही झेपते, पण त्यातले व्हॉइसिंग कठीण आहे. उजव्या हातात एकेरी चाल, डाव्या हातात सलग कॉर्ड. सुरुवातीचा लांब ‘बी’ सहा कॉर्डभर टिकायला हवा आणि पियानोचा स्वर तर उमटताक्षणीच विरू लागतो. तो कॉर्डच्या बरोबरीने वाजवला तर मध्येच बुडतो. मागून येणारा ‘सी’ मात्र ‘बी’ जितका ओसरला असेल तितक्याच आवाजात हवा. नाहीतर चालीला ठेच लागते. डाव्या हातात बहुधा एखादाच स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकतो. तो किंचित उठून दिसला की सगळी उतरण कळते. मध्य ओलांडल्यावर येणाऱ्या फोर्टेसाठी आवाज आधीपासून राखून ठेवावा लागतो.

ठळक स्वर मुद्दाम आधी वाजवावा का? व्हिएन्नात वेर्नर गोबेल यांनी २२ वादकांकडून शोपँचे उतारे वाजवून घेतले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. चालीचा स्वर सुमारे ३० मिलिसेकंद आधी उमटत होता, पण बोटे पट्ट्यांवर जवळपास एकदमच पडत होती. वेगवान हातोडी तारेपाशी आधी पोचते, इतकेच.

सरावात चालीचा स्वर पूर्ण आवाजात वाजवावा आणि कॉर्डच्या उरलेल्या पट्ट्या नुसत्या स्पर्शून सोडाव्यात. मग त्यांचा आवाज हळूहळू वाढवावा. उजव्या हाताच्या कॉर्डमध्ये वरचा स्वर बहुधा करंगळीकडे येतो. हात तिच्या बाजूला जरा कलता ठेवावा आणि या दुबळ्या बोटाला रोज थोडा वेळ द्यावा.