ऑफसेट स्मोकर घेताना आधी पत्रा बघा
टेक्सासमध्ये घरी तीसेक माणसं जेवायला येणार असली, की ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, आदल्या रात्रीच धुरावर चढतं. ऑफसेट स्मोकरमध्ये लाकडं बाजूच्या पेटीत जळतात आणि मांस शेजारच्या आडव्या पिंपात, जाळापासून लांब असतं. तिथे साधारण 110 ते 120 अंश सेल्सियस उष्णता दहा-बारा तास टिकली, तरच ते चिवट मांस मऊ पडतं.

मग घेताना आपण काय बघायचं? आधी पत्रा. पाव इंची, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर जाडीचं पोलाद तापायला वेळ लावतं, पण उष्णता धरून ठेवतं. पातळ पत्रा वाऱ्यानं लगेच थंडावतो. मग दारं. ती घट्ट बसत नसतील, तर फटींतून हवा शिरते आणि जाळ आपल्या ताब्यात राहत नाही. शेवटी जाळी. मांस साफ करून, शिजून जेमतेम निम्मं उरतं. म्हणून तीस जणांसाठी सहा-सहा किलोंचे दोन तुकडे मोकळे मावले पाहिजेत.

आम्ही पहिला स्मोकर स्वस्तातला, पातळ पत्र्याचा घेतला. रात्रभर लाकडं सारत बसलो आणि पाहुणे आले तेव्हा पेंगत होतो. चार माणसांत बसता यावं, म्हणून तर हा खटाटोप ना?