नाव नसलेली भांडी

गांधीबाग म्हणजे नागपूरचा कापडाचा ठोक बाजार. त्याला खेटून इतवारी, जवळच महाल आणि बुधवारी. शहराचा जुना व्यापार याच पट्ट्यात वाढला. इथे जुनी भांडी शोधणाऱ्याच्या हाती आधी लागते ते पितळ आणि तांबे, आणि ती भांडी बोलकी असतात. घंगाळाच्या काठावर, गुंडाच्या गळ्याशी, ताटाच्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते: कोणी दिले, कोणाला दिले, गाव कोणते, कधी कधी लग्नाची तिथीसुद्धा. चिनी मातीच्या भांड्यावर असे नाव घालता येत नाही. टोच्याचा घाव बसला की झिलईचा टवका उडतो. शाहजहानचे नाव कोरलेली चिनी पोर्सेलीनची भांडी आजही संग्रहालयांत आहेत, पण ते काम बादशाही कारागिरांचे. कासाराच्या दुकानात होणारे नव्हे. त्यामुळे आपल्या घरांतली चिनी माती बिननावाची राहिली आणि तिच्या अंगावर एकच लिखाण उरले, तळाचा परका शिक्का. जुने पोर्सेलीन शोधणारे पहिल्यांदा भांडे उलटे करून तोच शिक्का वाचतात आणि त्यावरून भांड्याची किंमत करतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. नागपूरसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या शहरात चिनी मातीच्या भांड्याचे मोल ते कोणत्या घरातून आणि कोणत्या कामावरून निघाले यावर ठरायला हवे. शिक्का हा त्यातला सर्वांत कच्चा पुरावा आहे.

कच्चा का, ते चीनच्याच इतिहासात दिसते. जिंगडेझेन हे पोर्सेलीनचे चीनमधले सर्वांत मोठे केंद्र. त्याच्या परिसरातल्या गाओलिंग टेकडीवरून ‘केओलिन’ या पांढऱ्या मातीला नाव मिळाले. १६७७ साली तिथल्या अधिकाऱ्याने गादीवरच्या कांग्शी सम्राटाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली, कारण भांडे फुटून उकिरड्यावर गेले तर सम्राटाच्या नावाची विटंबना होईल. कुंभारांनी मग मागच्या मिंग राजवटीतल्या सम्राटांची नावे तळावर लिहिली, आणि जुन्या कामाबद्दलचा आदर म्हणून ती पुढेही लिहिली जात राहिली. म्हणजे मिंग शिक्का असलेले भांडे मिंग काळाचे असेलच असे नाही, आणि ते खोटेपणानेच केलेले असेल असेही नाही. इंग्रजी अक्षरांतला शिक्का त्या मानाने उपयोगी. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर उगमाच्या देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. जपानी कारखाने आधी ‘निप्पॉन’ लिहीत, १९२१ पासून ‘जपान’ लिहू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत ‘ऑक्युपाइड जपान’ आले. पण हे नियम अमेरिकेच्या बाजारासाठी होते. मुंबईच्या गोदीत उतरलेल्या पेटीतल्या भांड्यावर शिक्का नसला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय निळी-पांढरी, झाडे, पूल आणि पाखरे असलेली ‘विलो’ नक्षीची बशी अनेक जण चिनी म्हणून जपतात. ती नक्षी अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तयार झाली आणि तांब्याच्या पत्र्यावरून छापून लाखो भांड्यांवर गेली.

पहिला आक्षेप इथेच येतो. समुद्र नाही, बंदर नाही, चीनशी थेट व्यापार नाही, मग नागपुरात शोधायचे काय? उत्तर रेल्वेत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली मुंबईकडून नागपूरला पोहोचली, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने पुढे कलकत्त्याची बाजू जोडली. दोन बंदरांचा माल एकाच शहरात यावा अशी ही जागा झाली. विक्रेत्याच्या तोंडी मात्र रेल्वे नसते, नागपूरचे राजे भोसले असतात. कोणतीही निळी-पांढरी बरणी ‘भोसलेकालीन’ म्हणून पुढे केली जाते. भोसल्यांच्या घरात चिनी माती नसेल असे मी म्हणत नाही. पण १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, जवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकले गेले, आणि महालातला राजवाडा १८६४ च्या आगीत जळाला. एवढ्या उलथापालथीतून एखादी नाजूक वाटी सुखरूप बाहेर आली असे कोणी सांगत असेल, तर ती कोणाकोणाच्या हातांतून आली हेही त्याने सांगायला हवे. नागपूरचा उत्तम पोर्सेलीनशी एक पक्का संबंध आहे, तो वेगळाच. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. टाटांच्या संपत्तीत या गिरणीच्या कापडाचा मोठा वाटा होता. त्यांच्या दोन्ही मुलांनी, सर दोराबजी आणि सर रतन यांनी, जमवलेले चिनी आणि जपानी पोर्सेलीन आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सूत नागपुरात कातले गेले आणि फुलदाण्या मुंबईत राहिल्या. गांधीबागेत त्या तोडीची फुलदाणी शोधणे म्हणूनच चुकीच्या जागी खणणे आहे.

इथे जे सापडते ते दोन दारांनी आत आलेले असते, एक लोणच्याचे आणि दुसरे चहाचे. मातीचे भांडे एकदा विटाळले की शुद्ध होत नाही, ही सोवळ्या घरांची समजूत. त्यामुळे जेवायच्या ताटात चिनी मातीला फार काळ जागा नव्हती. पण आंबट पदार्थ पितळेत कळकतो, कल्हईही किती दिवस पुरणार? म्हणून वरून तपकिरी, खालून पांढरट अशी झिलईची बरणी सोवळ्यातही चालू लागली. मीठ आणि तेल तिला खात नाही. तोंडाला दादरा बांधला की वर्षाची बेगमी झाली. काटेकोर बोलायचे तर ही बरणी पोर्सेलीन नव्हे. तिची माती जाड आणि घट्ट असते, उजेडासमोर धरली तर पलीकडच्या बोटाची सावली दिसत नाही. पोर्सेलीनमध्ये ती दिसते, आणि टिचकी मारली की खणखणीत नाद येतो. तो नाद घरात आला कपबशीतून, आणि कपबशी शांतपणे आली नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. पुढे चहा घरोघर गेला, पण कित्येक घरांत एक कपबशी बाहेरच राहिली: ओसरीच्या कोनाड्यात, खिडकीच्या फळीवर, कान तुटलेली, घरातल्या इतर कपांत कधीच न मिसळणारी. ज्यांना आत घ्यायचे नव्हते त्यांच्यासाठी ती होती, आणि पिणाऱ्याने ती स्वतःच धुवून ठेवायची होती. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरात अशी एक कपबशी सापडली तर तिच्या तळावर ‘जपान’ लिहिले आहे की आणखी काही, याला किती महत्त्व द्यायचे? ती कोनाड्यातली होती हे कळल्याशिवाय ती बाजारातली एक साधी जुनी कपबशी आहे. ते कळले की ती या शहराच्या इतिहासातला एक दस्तऐवज आहे. तिच्याकडे सजावटीची वस्तू म्हणून पाहणे मला तरी जमत नाही.

असली भांडी टिकत का नाहीत, याचे कारण मोडीच्या हिशेबात आहे. पितळ फुटले तरी तराजूत चढते. चिनी मातीला मोड नाही. वाडा पाडला जातो तेव्हा कडीकोयंडे, सागाच्या तुळया, हंडे यांचे भाव ठरलेले असतात, बरण्या मात्र कोपऱ्यात राहतात किंवा मलब्यात जातात. कोणी उचलल्या तरी आठवण पहिल्याच व्यवहारात तुटते, कारण भंगारवाल्याला घराचे नाव सांगून एक पैसा जास्त मिळत नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, तेव्हा रोजच्या वापरातल्या वस्तूला संग्रहालयात जागा आहे हे महाराष्ट्राला कळले. चिनी मातीच्या साध्या भांड्यांबाबत ती नजर अजून आलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिक्का खोटा असू शकतो, तर हकीकत कितीतरी सहज खोटी असू शकते. ती रचायला भट्टीही लागत नाही. हे खरेच आहे. पण हकीकत तपासता येते, आणि ती भांड्याच्याच अंगावर तपासता येते. लोणच्याची म्हणून सांगितलेल्या बरणीच्या गळ्याशी, झिलईच्या बारीक तड्यांत तेलाचा पिवळसर डाग मुरलेला असतो. फडताळात वर्षानुवर्षे सरकवलेल्या भांड्याच्या बुडाचे बिनझिलईचे कडे एका बाजूला अधिक घासलेले असते. सँडपेपरने ‘जुने’ केलेले कडे सगळीकडे सारखे दिसते. हाताने काढलेल्या नक्षीत कुंचला टेकला तिथे रंग दाट आणि उचलला तिथे फिका असतो. छापलेल्या नक्षीत ठिपके आणि कागदाचा सांधा सापडतो. सांगितलेली गोष्ट आणि हे खाणाखुणांचे लेखन जुळले नाही, तर गोष्ट सोडून द्यावी. मोठ्या घराण्याच्या दाव्यापेक्षा लहान दावे अधिक विश्वासाचे वाटतात, कारण ‘आजीची चिंचेची बरणी’ असे खोटे सांगून कोणाचा फायदा होत नाही. मोठ्या दाव्याला लेखी आधार लागतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, तेव्हा पात्यावरच सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव होते. चिनी मातीला ते भाग्य नाही, म्हणून तिचे नाव कागदावर लिहावे लागते.

कायदाही वेगळ्या कारणाने तेच सुचवतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पुरी झालेली, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२० च्या सुमाराची जपानी कपबशी आता त्या रेषेवर येऊन पोहोचली आहे. तेव्हा घेणाऱ्याने दुकानातच एक चिठ्ठी लिहून बरणीत टाकावी: वाडा कोणत्या गल्लीतला, केव्हा पाडला, भांडे स्वयंपाकघरात होते की ओसरीवर, त्यात काय ठेवत, सांगणारा त्या घरचा की ऐकीव माहितीचा. शेवटी तारीख. शिक्क्याचे चित्र त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काढले तरी चालेल.